गाईचा दगड

पहिला नियम: तारेचा ब्रश नाही.
नायलॉनचा, मऊ, झिजलेला चालतो.
मी दात घासायचा जुनाच आणते,
पिशवीत, खडूच्या पुडीशेजारी.

दोलविदेलनच्या वरच्या ओकांच्या रानात
पाऊस पडत नाही, राहतो.
दगड आहे की नाही ते कळायला
हात घालावा लागतो मनगटापर्यंत,
ओल्या लोकरीत मेंढी चाचपावी तसा.

ही शिळा मार्चमध्ये सापडली.
दोन पुरुष उंच, डावीकडे एक कंगोरा,
दुलईखाली कुणाचा गुडघा जाणवावा तसा.

गेथिन म्हणाला, बोटांना लागेल तेवढंच काढ.
माथ्यावरचं राहू दे. भेगेतलं राहू दे.
फर्नला हात लावू नकोस.
आणि रान एलिनेदबाईंचं आहे, आधी विचार.

विचारलं. त्या दारात, हातात कुत्र्याचा पट्टा.
म्हणाल्या, दगडावर चढून पुढे काय?
म्हटलं, उतरायचं.
त्या हसल्या.
ती परवानगी आहे असं मी धरून चालले.

आमच्या न्हाणीत आई दर श्रावणात
विटेच्या तुकड्याने शेवाळ खरवडायची,
कारण काकू घसरली होती, खुबा मोडला होता.
शेवाळ म्हणजे बुळबुळीत, शेवाळ म्हणजे काकू,
एवढंच माझं शिक्षण.

इथलं एका कोपऱ्यातून सुटलं की सगळं सुटत जातं,
सतरंजी गुंडाळावी तसं.
मुळं नसतातच त्याला. नुसतं धरून ठेवणं.
उलट्या बाजूला चहाच्या चोथ्यासारखी काळी माती,
एक गोगलगाय, करंगळीच्या नखाएवढी,
आणि कोळ्याची पांढरी पिशवी.
गोगलगाय मी शेजारच्या दगडावर नेऊन ठेवली.
पिशवी दगडालाच चिकटलेली होती.

काढलेला तुकडाही तिकडेच ठेवला, थोपटला.
पुढच्या शनिवारी तो तपकिरी झाला होता,
कुणी विसरून गेलेल्या टोपीसारखा.

मला दोन पकडी हव्या होत्या.
मग तिसरी, कारण मधलं बोटभर हिरवं बरं दिसेना.
मग पायासाठी.
मग वरून पाणी ठिबकतं म्हणून वरचं, हात दीड हात.
लागेल तेवढं, हे माप कुणाच्या बोटाचं
ते गेथिनने सांगितलं नव्हतं.

नाव ठरलं होतं.
पहिला चढेल त्याने नाव ठेवायचं, अशी रीत.
बँगरच्या इस्पितळात, रात्रपाळीला,
रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना
मी ते ठरवलं होतं. आता सांगत नाही.

तिसऱ्या शनिवारी मुख्य पकडीत बोट घातलं
आणि टोचलं.
तार. तांदळाएवढी, गंजलेली, वाकडी.
माती पुसली तर भोवती ओरखडे,
एका दिशेचे, घाईचे.
गेथिन म्हणाला, माझ्या बापाच्या वेळी
सगळे तारेचेच वापरायचे.

म्हणजे तीन आठवडे मी सोलत होते
ती कुणाच्या तरी कामावरची खपली.

चढले का? चढले. खोटं कशाला बोलू.
पाच हालचाली, चौथी वाईट.
माथ्यावर पोटाने सरपटत गेले
आणि तिथे, न काढलेल्या शेवाळाने
मूठभर धरून ठेवलं मला.

उतरल्यावर एलिनेदबाईंना नाव विचारावं असं वाटलं,
माझं सांगण्याआधी.
नाव आहे की, त्या म्हणाल्या. गाईचा दगड.
आमच्या गाई दुपारी माना घासायला यायच्या.
उजवी बाजू बघ, काचेसारखी झालीय.

उजवीकडे मी कधी गेलेच नव्हते.
गेले. वीतभर जाड हिरवं,
वर दवाचे थेंब, एक बारकं कोवळं फर्न.
खाली काच आहे की नाही
ते काढल्याशिवाय दिसणार नाही.

ब्रश पिशवीत आहे.